निळी पेन्सिल

"हलक्या हातानं काढ गं चिमे, नंतर पुसायचंय ते."

बाबांचा हा आवाज चिमीच्या बोटांत मुरला होता. बाबा गेले, तिचे केस पिकायला लागले, तरी बोटं मुकाट ऐकत आली. आज मात्र ती अडून बसली होती.

संगणकाच्या पडद्यावर चित्रांच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडं होतं, स्कॅन केलेलं, एका हरणीचं. एरवी ती आधी शाईखालचं निळ्या पेन्सिलीचं कच्चं रेखाटन उडवायची, मग शाईची रेघ काळीभोर करायची. धुळीचे कण टिपायची, तुटक्या रेघा सांधायची. नाहीतर आत ओतलेला रंग फुटक्या भांड्यातल्या पाण्यासारखा पानभर पसरतो. आजही धूळ टिपून झाली होती, रेघा सांधून झाल्या होत्या. निळं मात्र तसंच होतं, काळ्याखालून डोकावत. या हरणीवर तिचा हात धजेना.

दादा प्रकाशकबाईंना घेऊन आत आला. मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून त्याचं नाव, त्यामुळे चालही तशीच.

"आमची चिमी म्हणजे धुलाई केंद्र! मळका कागद टाकला की इस्त्री होऊन परत." तो हसला, आणि पडद्याकडे पाहून थबकला. "चिमे, निळं राहिलंय."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"वेड लागलं का? काढ ते. रंग भरायचेत अजून." त्याने माउसकडे हात नेला. चिमीने माउस उचलून मांडीवर घेतला.

प्रकाशकबाई चष्मा सावरत पुढे वाकल्या. "थांबा हो जरा. काळ्यातली हरणी नुसती उभी आहे. ही निळ्यातली पळतेय!"

"कच्चं काम आहे माझं," दादा घाईघाईने म्हणाला. "पहिला हात."

"मग ती धाव शाईत का नाही उतरली?"

दादाने घसा खाकरला. शाई जड असते, कागद ओढतो, असं काहीबाही बोलत राहिला. बोलता बोलता त्याने चिमीकडे पाहिलं. लहानपणी बाबांसमोर चोरी पकडली गेली की पाहायचा, अगदी तसंच. तेव्हा ती सांभाळून घ्यायची.

चिमी उठून उभी राहिली.

"कारण चित्र मी काढते, बाई," ती म्हणाली. "दादा गिरवतो."