धुरांड्यातली ओल

हॅलिफॅक्समधल्या जोडघरांच्या त्या रांगेत दर दोन घरांना मिळून छपरावर एकच धुरांडं होतं. आयव्हीबाईंच्या बैठकीत शेकोटीवरच्या भिंतीला ओल धरली, तशी त्यांनी शेजारच्या क्लिफर्डला फाटकातच गाठलं.

"धुरांड्याच्या बुडाशी तुझ्या बाजूचा शिशाचा पत्रा उचकटलाय, तिथूनच पाणी मुरतंय. आठ दिवसांत नीट कर, नाहीतर कोर्टात खेचते."

"खुशाल खेच. माझी भिंत ठणठणीत आहे. घरसुद्धा माणूस बघून रडतं गं, आयव्ही!"

चूक त्याचीच आहे हे सिद्ध करायला बाईंनी हट्टानं गवंडी बोलावला. त्यानं छपरावर चढून पाहिलं, मग खाली येऊन बंद शेकोटीची एक वीट काढली आणि आत हात घातला.

"वर थेंबभरही गळत नाही, बाई. शेकोटीचं तोंड असं गच्च कुणी बुजवलं? आतल्या हवेला वाट नाही. कोंडलेली वाफ भिंतीवाटे बाहेर येतेय."

बाईंचा चेहरा उतरला. "मीच बुजवलं," त्या पुटपुटल्या. "धुरांड्याच्या आत दोन घरांमधली भिंत ढासळलीय. त्या मेल्याचा शब्द न् शब्द माझ्या खोलीत यायचा."

"मग तो आता येणारच. हे भोक उघडंच ठेवावं लागेल. चूक तुमचीच आहे, बाई."

 

तेवढ्यात भोकातून क्लिफर्डचा आवाज आला, "गवंडीदादा, भोक जरा मोठं पाडा हो. चूक कुणाची म्हणालात, ते नीट ऐकू आलं नाही!"