आवाजाच्या दिशेनं

थंडी वाढली तशी बेघरांच्या निवाऱ्याची गाडी सीताबर्डीच्या उड्डाणपुलाखाली आली. कार्यकर्त्यानं आंधळ्या देवाजीला हात धरून आत बसवलं, अंगावर नवं ब्लँकेट टाकलं. देवाजीची बायको गुंफा रस्त्यापलीकडून गाड्यांवर ओरडत होती. “गुंफालेबी घ्या,” देवाजी म्हणाला. “त्यायले नाही घेता येत, बाबा. त्यायचं डोकं ठिकाणावर नाही. रात्रभर ओरडतात, कोणाले झोपू देत नाहीत.” “मंग दवाखान्यात?” “दवाखानेवाले म्हणतात, निवाऱ्यात न्या.” देवाजीनं ब्लँकेट चाचपलं, घडी घालून परत दिलं. “काहून, बाबा? थंडीनं मराल.” “मले दिसत नाही, भाऊ. ती ओरडते म्हणून मले समजते, ती आहे.” तो उतरला. काठी टेकत आवाजाच्या दिशेनं निघाला. रस्त्याच्या मधोमध आला आणि गुंफा गप्प झाली. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजू लागले. ती पुन्हा ओरडेपर्यंत देवाजी जागचा हलला नाही.