खरकटी पाटी

"तीन वाजले, कुंबाबाई! आता तरी खायला सोडा," मागून कुणीतरी ओरडलं.

अध्यक्षा कुंबा सार जागच्या हलल्या नाहीत. "कलम सतरा ठरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. चारला बैठक संपते. तोवर ठरलं नाही तर कलम बाद."

सोडलं असतं तरी खाणार काय, डोंबल! खालच्या उपाहारगृहाचा आज संप. रोममध्ये संपाला कारण लागत नाही, शुक्रवार पुरतो. जगातल्या प्रत्येकाला पोटभर अन्नाचा हक्क कसा मिळवून द्यायचा, यावर वीस देशांची माणसं सकाळपासून भांडत होती आणि सकाळपासूनच उपाशी होती. इतक्यात कुणाच्या तरी पोटातला गुरगुराट ध्वनिक्षेपकाने पकडला. दुभाष्यांनी प्रामाणिकपणे गप्प राहून त्याचं भाषांतर केलं.

कलम सतरा दोनच ओळींचं. भुकेल्याला अन्न ही सरकारची मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि तो नाकारला तर त्याला दाद मागता येईल. एकोणीस देशांच्या नावाच्या पाट्या टेबलावर आडव्या होत्या. एकच उभी. पाटी उभी म्हणजे हरकत आणि एकाचीही हरकत असली तर कलम अडलं, हा इथला नियम. ती थार्पसाहेबांची. त्यांच्या देशाचं नाव कशाला घ्या, उगाच भानगड! सोमवारपासून ती पाटी खांबासारखी उभी होती.

"अहो, चार दिवस झाले. उभं राहून पाय दुखले असतील तिचे," बासिलिया म्हणाली.

बासिलिया चोके बोलिव्हियाच्या डोंगरातली. बटाटे पिकवणारी, डोक्यावर गोल टोपी, तोंडाने फटकळ. तिच्या गावच्या शाळेतलं दुपारचं जेवण बंद पडलं, तेव्हा ती बायका घेऊन कचेरीवर गेली होती. "मिळालंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? दाखवा," कारकून म्हणाला होता. पोरं अजून पाणी पिऊन धडे गिरवत होती. ते लिहिलेलं घेऊन जायला ती इथवर आली होती.

"बाई, माझ्या हातात काही नाही," थार्पसाहेब टेबलाकडे बघत म्हणाले. "वरून हुकूम आहे. मी आपण होऊन पाटी आडवी केली तर घरी बसवतील मला."

"बरं, दादा. मग जेवून घेऊ."

बासिलियाने पाठीवरचं गाठोडं सोडलं आणि रंगीत कापड थेट कलम सतराच्या कागदांवर पसरलं. उकडलेले बटाटे, वाळवलेले काळे बटाटे, भाजलेला मका, चीज. ती उतरली होती त्या मठातल्या नन्सच्या चुलीवर तिने पहाटेच सगळं शिजवलं होतं आणि गरम राहावं म्हणून घोंगडीत गच्च गुंडाळून आणलं होतं. आमच्याकडे याला आपतापी म्हणतात, ती म्हणाली. ज्याच्याकडे जे असेल ते कापडावर ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. एकट्याने खाणारा तिच्या गावात चोर.

"सभागृहात खायला बंदी आहे!" कुंबाबाई गरजल्या. मग त्यांना चीजचा वास आला. त्यांनी पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढली आणि गुपचूप कापडावर ठेवली.

बघता बघता कुणी खजूर काढले, कुणी बिस्किटं. शिपाईण ओत्ताव्हिया कागदी ताटल्यांचा गठ्ठा घेऊन धावली. "संप स्वयंपाक्यांचा आहे, ताटल्यांचा नाही!" म्हणत तिने प्रत्येकापुढे एकेक ताटली ठेवली. बासिलियाने दुभाष्यांच्या काचेच्या खोल्यांतही बटाटे पोचवले. आता कानाला लावलेल्या यंत्रांतून सहा भाषांत चावण्याचा आवाज येऊ लागला. हसून हसून माणसांना ठसके लागले.

थार्पसाहेब दोन्ही हातांत गरम बटाटे नाचवत होते. "अहो भाजतंय! कशावर ठेवू?"

"कशावरही ठेवा हो!"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोपराने पाटी आडवी पाडली, तिच्यावर बटाटे ठेवले आणि वर चीज कुस्करलं.

कुंबाबाईंचं तोंड भरलेलं होतं, पण डोळे मोकळे होते. "कलम सतरा," त्या कशाबशा म्हणाल्या. "कुणाची पाटी उभी?"

एकही नव्हती. हातोडा पडला. मंजूर!

"अहो! अहो! माझी पाटी!" थार्पसाहेब उठले.

"तिच्यावर बटाटे आहेत," कुंबाबाई म्हणाल्या. " खरकटी पाटी उभी करता येत नाही."

"कुठल्या नियमात आहे हे?"

"आत्ताच्या."

जो काही हशा उसळला म्हणता! बासिलिया टोपी उडवत, रडत, ओत्ताव्हियाला गरागरा फिरवत होती. पोरांच्या जेवणाचं आता लिहिलेलं होतं.

थार्पसाहेब कपाळाला हात लावून फोन घेऊन बाहेर पळाले. त्यांचा रडवेला आवाज आतपर्यंत येत होता. "काय करणार, साहेब? ताटलीच नव्हती हो मला!"

बासिलियाला त्या माणसाची दया आली. बिचाऱ्याची पाटी तरी पुसून ठेवावी म्हणून ती त्याच्या जागेपाशी गेली. पाटी पुसली, कागद नीट लावायला फाईल उचलली.

फाईलखाली कागदी ताटली होती. कोरी करकरीत.