ताशी दोनशे

"ताशी पगाराचा वर्षाचा हिशेब करू नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांचा जन्म रोजंदारीत गेलेला. "तासावर राबणाऱ्याला वर्ष नसतं गं. तासच असतात."

कॉमर्सची पदवी घेतलेली सून नुसती हसली. दोनशे गुणिले आठ तास, गुणिले सहा दिवस, गुणिले बावन्न आठवडे. जवळजवळ पाच लाख. शाळेच्या ऑफिसातली, महिना चोवीस हजार हातात देणारी नोकरी तिनं त्याच आठवड्यात सोडली.

आता दुपारचे दोन वाजलेत आणि औषधाच्या बाटल्या पॅक करणारा पट्टा बंद पडलाय. पट्टा फिरतो तेवढेच तास धरायचे, असा इथला नियम. बाईनं मात्र जागेवरच उभं राहायचं. ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडत होती.

"काय गं, लग्नाची यादी करतेस?" शेजारच्या लेबलवालीनं विचारलं.

"वर्षाचा पगार काढतेय."

"मग, निघाला?"

"कमी निघतोय."

"परत काढू नकोस. दर खेपेला थोडा झिजतो."

आठ तासांतले पट्ट्याचे सहा. बावन्न आठवड्यांतले बोलावण्याचे पंचेचाळीस. तीन लाख चोवीस हजार. त्यातून फंड, मग कंपनीची बस, मग गणवेश. हातात महिन्याला एकवीस हजार दोनशे साठ. उभं राहिलेले सगळे तास धरले, तर ताशी एकशे अठरा. पोरीला सांभाळायला किती, त्या ओळीपुढं तिनं शून्य लिहिलं होतं. ते काम सासूबाई करायच्या.

सकाळी निघताना सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. "जरा गरगरतंय एवढंच. जा तू, बस चुकेल." दीड वर्षाची पोर त्यांच्या पदराला लोंबकळत होती.

पट्टा थांबल्यापासून तिनं तीनदा फोन लावला. एरवी दुसऱ्या घंटीला उचलणाऱ्या सासूबाई उचलत नव्हत्या. नवरा ट्रक घेऊन गेलेला, परवा येणार. शेजारी सगळे कामावर.

ती सुपरवायझरकडं गेली. "साहेब, घरी जाऊन येते. सासूबाई फोन उचलत नाहीत, पोर त्यांच्याजवळ आहे."

"जा की. कुणी अडवलंय?" तो वहीतून मान वर न काढता म्हणाला. "फक्त नाव यादीत तळाला जाईल. दोन आठवडे बोलावणं येणार नाही."

"अर्ध्या तासात परत येते."

"अर्धा तास आमच्या वहीत नसतो, ताई."

दोन आठवडे म्हणजे घरभाडं. झोपल्या असतील, ती स्वतःला म्हणाली. पोरीनं फोन कुठंतरी लपवला असेल, मागंही पिठाच्या डब्यात सापडला होता. चौथ्यांदा तिनं फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली आणि त्याच वेळी पट्टा खडखडत सुरू झाला.

"फोन कपाटात," सुपरवायझर ओरडला.

तिनं फोन कपाटात ठेवला. पहिली बाटली समोर आली, तिनं उचलली. दुसरी आली. तिचे डोळे फाटकावर होते आणि हात बाटल्यांवर.

सहा वाजेपर्यंत तिला हलता येणार नाही. तुम्ही मात्र बाहेर आहात. औषधांच्या दुकानामागच्या बोळात, तळमजल्यावर, हिरवं दार आहे. जरा जाऊन बघाल? जोरात ठोठवा, त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उघडून त्या तुमच्यावर खेकसल्या, की भरदुपारी दार काय बडवता, तर खेकसू द्या.