गणिताचा रिकामा तास

पालिकेच्या शिक्षण विभागातल्या साहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि कागद सीताराम गायकवाडांच्या पुढे परत सरकवला. या शाळेला गणिताचा शिक्षक देता येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

सीतारामांना हे उत्तर नवीन नव्हतं. म्हणून तर आज ते एकटे आले नव्हते. सोबत मुख्याध्यापिका मेघना मॅडम होत्या आणि पालकांच्या वतीने जाईबाई होती. जाईबाई घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये धुणीभांडी करायची आणि टॉवरांच्या मागच्या वस्तीत राहायची. तिची नात सान्वी वस्तीतल्या पालिकेच्या शाळेत सातवीत होती. आज कामावर खाडा करून, वर बोलणी खाऊन ती आली होती.

सीतारामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गणिताचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही. दर वेळी पुढच्या वर्षी बघू म्हणून बोळवण झाली. सीताराम स्वतः दुसऱ्या शाळेतून निवृत्त झालेले, वर्तकनगरला घरी बसून कंटाळलेले. मेघना मॅडमनी एकदा सहज विचारलं आणि ते हो म्हणाले. तेव्हापासून रोज बसने येऊन सहावी ते आठवीला ते फुकट शिकवत होते. पण आता गुडघे बोलायला लागले होते. तीन वर्गांना पुरं पडणं होत नव्हतं. मुलांना त्यांच्या हक्काचा शिक्षक मिळायलाच हवा होता.

साहेब मन लावून ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. यंदा शिक्षणाच्या निधीला कात्री लागलीय, नवीन भरती थांबलीय, हाताशी माणसं थोडी आणि मागणाऱ्या शाळा ढीगभर, असं ते सांगत राहिले. जिथे तास रिकामे जातात तिथे आधी शिक्षक पाठवा, असा वरून आदेश होता.

“मग आमचा तास रिकामाच आहे की,” सीताराम म्हणाले.

“नाही सर, तुमचा तास होतो. दिवाळीनंतर तपासणीला मीच आलो होतो. तुमच्या मुलांनी फळ्यावर काय गणितं सोडवली होती. तुम्ही असताना त्या शाळेत शिक्षक नाही, असं मी कुठल्या तोंडाने लिहू?”

सीतारामांच्या हातातला कप तसाच राहिला. त्या तपासणीसाठी त्यांनी मुलांची कोण तयारी करून घेतली होती. हुशार मुलं निवडून फळ्याशी पाठवली होती. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता, आणि घरी गेल्यावर बायकोला ते सगळं रंगवून सांगितलं होतं.

खाली उतरताना जिन्यात त्यांनी मेघना मॅडमना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का. मॅडमनी मान खाली घातली. तास नियमित होतात, असं त्याच दर महिन्याला कळवत होत्या. तास होत नाहीत म्हटलं असतं तर पालकांनी मुलं काढली असती. पट घसरला असता, आणि आहेत त्या शिक्षकांच्या जागाही गेल्या असत्या. सीतारामांना त्यांच्यावर रागावताही येईना.

फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, उद्यापासून मी शिकवायला येत नाही. तास रिकामा गेला तर रिकामा गेला असंच कळवा.

जाईबाई जागीच थांबली. “असं नका करू सर. सान्वीला आत्ता कुठं गणित कळायला लागलंय.”

“मी येत राहिलो तर तुमच्या पोरांचा शिक्षक कधीच येणार नाही, जाईबाई.”

“आणि तुम्ही गेल्यावरपण नाही आला तर?”

जाईबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. बसमध्ये ती लांबच्या सीटवर जाऊन बसली आणि उतरेपर्यंत तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सीतारामांना घरी बसवेना. नेहमीच्या बसने ते आले, पण आत गेले नाहीत. शाळेच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले. सातवीच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूलाच होत्या. तासाची घंटा झाली. वर्ग आधी चिडीचूप होता. मुलं वाट बघत असणार. मग कुजबुज सुरू झाली, मग बाक वाजू लागले, कोणीतरी कोणाला तरी बदडलं. रस्त्यावरून जाणारी माणसं खिडकीकडे बघायला लागली. सीताराम उठले, फाटकाच्या कडीला हात लावला आणि परत येऊन बसले. आपण करतोय ते बरोबर आहे की नाही, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

थोड्या वेळाने गोंगाट एकदम थांबला. सान्वी पटांगण ओलांडून फाटकाशी आली. मॅडमनी मुलांना सांगितलं होतं की सरांना बरं नाही, आणि आता खिडकीतून सर तर समोर बसलेले दिसत होते.

“सर, तुम्ही आमच्यावर चिडलात का?” तिने विचारलं. “आता कोणीच आवाज करत नाहीये. सगळे गप्प बसलेत. या ना.”

बरं नाही, एवढंच म्हटलं असतं तरी पोरगी मुकाट्याने परत गेली असती. सीताराम उठून गजांपाशी आले.

“मी चिडलो नाही गं बाळा. तुमच्या वर्गाला गणिताचा शिक्षकच नाहीये. मी होतो, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.”