डावी खाच

"उजवीकडची गेली," सर म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

उजव्या खाचेतली चकती तिची होती. कोणती जास्त टिकते हे बघायला तीन आठवडे दमट, तापलेल्या पेटीत दोन सौरचकत्या शेजारी शेजारी होत्या, दिसायला अगदी जुळ्या. पेटीची किल्ली सरांकडे. डावीकडे सगळे वापरतात ते जुनं सेंद्रिय रसायन, उजवीकडे तिचं. उजेड पडला की चकतीतल्या पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकात सुटा झालेला धन भार बाहेर काढायचा, हे या रसायनाच्या वरच्या पातळ थराचं काम. जुन्यात त्यासाठी लिथियमचं मीठ घालावं लागतं आणि ते मीठ ओल ओढून चकतीचा जीव घेतं. तिच्या रसायनात मीठच नव्हतं. तरी मेली ती तिचीच!

"सर, एकदा पुन्हा..."

"पुन्हा कसलं? तुझ्या संशोधनाला चार वर्षं झाली. सोमवारपासून तुझी जागा दुसऱ्याला देतोय. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! सर गेले आणि ती स्टुलावर बसून ढसाढसा रडली. मग तिरीमिरीत उठली आणि आपल्या रसायनाचं उरलंसुरलं सगळं द्रावण टाकाऊ रसायनांच्या पिंपात ओतून आली. तेवढं बनवायला तिला वर्ष लागलं होतं.

तेवढ्यात दादा आला. तिचा थोरला भाऊ, खालच्या मजल्यावर मोजणीच्या यंत्रावर असायचा. पेटीत ठेवण्याआधी चकत्या किती वीज देतात ते त्यानेच मोजलं होतं. जुनी आदल्या दिवशीची, तिची ताजी. "नायट्रोजन भरलेल्या बंद कपाटातून आत्ताच काढलीय, रात्रभर हवा लागल्याशिवाय ती जागी होत नाही, सकाळी मोज," असं तिने दहादा बजावलं होतं. पण दादा जन्माचा उतावळा. संध्याकाळीच त्याचा फोन, "तुझी जुनीपेक्षा सरस निघाली! पेटीत ठेवूनसुद्धा आलो, सरांनी कुलूपही लावलं." त्या दिवशी ती घरभर नाचली होती.

"काय गं, चेहरा का असा?"

"माझी मेली, दादा. डावी मात्र ठणठणीत आहे."

दादा मटकन खालीच बसला. बिचाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त लागलं, असं वाटून तिला आणखीच भरून आलं.

"डावी? नीट बघितलंस?"

"ही काय, महाराणी!" तिने ट्रेमधली चकती उचलली. इतक्या वर्षांचा संताप एकदम उसळला. कडाडकन ती टेबलाच्या कडेवर आपटली आणि खाली पडलेले तुकडे बुटाखाली चुरडले.

"अगं ए, थांब!" दादा गुडघ्यांवर येऊन चुरा गोळा करू लागला. "तुझं रसायन तरी शिल्लक आहे ना?"

"पिंपात ओतलं. आता काय करायचंय त्याचं?"

दादाने मान वर केली नाही.

"त्या संध्याकाळी तुझी चकती अगदीच मंद निघाली गं. मला बघवेना. म्हणून ठेवताना मी दोघींच्या खाचा बदलल्या."