घंटा होईपर्यंत

कुस्कोहून निघालेला ट्रक वळणावर हेलकावला आणि एर्मेलिंदाच्या मांडीवरची पावांची टोपली खाली पडली. वेनान्सिओनं भर ट्रकमध्ये बायकोच्या मुस्काटात ठेवून दिली. दात ओठात घुसला. शेजारच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "अरे, निदान गुड फ्रायडेला तरी!"

"आजच तर मोकळीक आहे, बाबा! देव दुपारीच क्रुसावर मेला. उद्या देवळाची घंटा होऊन तो उठेपर्यंत बघतंय कोण?"

ट्रक खदखदून हसला. एर्मेलिंदा रक्त गिळत पाव गोळा करत राहिली.

दरवर्षी या दिवशी दोघं घाट चढून सातुर्निनाकडे यायची. ती त्यांच्या लग्नातली धर्मआई. शनिवारी उजाडताना, घंटेआधी, जोडप्याला तीन-तीन फटके मारून वर्षाची पापं झाडायचा मान तिचा. म्हातारीनं सुजलेला ओठ पाहिला. "हे काय गं?" वेनान्सिओनंच ट्रकमधला विनोद पुन्हा ऐकवला. म्हातारी हसली नाही. कमरेची मोठी लोखंडी किल्ली मागं सारून तिनं एका हातानं भरला हंडा चुलीवरून उतरवला आणि वाढायला घेतलं.

पहाटे अंगणातलं गवत गोठलं होतं. आधी वेनान्सिओ पाठ उघडी करून गुडघ्यांवर बसला. फटके पुरे व्हायच्या आत जो उठेल त्याला गावात तोंड दाखवायला जागा नसे.

"माझा हात आखडलाय," म्हातारी म्हणाली आणि तिनं चाबूक एर्मेलिंदाला दिला. "तू मार. मी मोजते."

"मार गं, मार," वेनान्सिओ हसला. "एखादी माशी तरी उडेल."

पहिला फटका खरंच तेवढाच होता. "एक," म्हातारी म्हणाली. दुसरा जरा वाजला.

"एक."

एर्मेलिंदानं चमकून पाहिलं. म्हातारीचा चेहरा दगडासारखा होता. तिसऱ्या फटक्यानं कातडं सोललं. "एक." मग एर्मेलिंदानं बघणं सोडून दिलं. मोडलेली बरगडी, बहिरा झालेला कान, लाथेनं रिकामी झालेली कूस, सगळा संताप तिच्या दंडात उतरला. गवतावर रक्त सांडलं. कुंपणापलीकडे शेजारी जमले. आत कुणी आलं नाही.

"धर्मआई, मोजायला चुकतेस तू!" वेनान्सिओ किंचाळला. "उजाडलं! घंटा का होत नाही?"

"होईल रे पोरा. तोवर बघतंय कोण?" म्हातारी म्हणाली. "एक."

घंटेच्या मनोऱ्याची किल्ली तिच्या कमरेला लटकत होती.